शहराचे आरोग्य (लेखांक ७) : बेघरांवरच्या पीएचडीला पैसा कशाला?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा नमुना घरांमधून निवडतात. ज्याला घरच नाही, तो त्यात येणार कुठून? जनगणनेने २८ फेब्रुवारी २०११च्या रात्री बेघर मोजले. देशात सुमारे १७.७ लाख, महाराष्ट्रात दोन लाखांवर. पण एका रात्रीच्या मोजणीत डोकी कळतात, खोकला किती महिन्यांचा ते कळत नाही. ठाण्यातल्या खोपटच्या एसटी स्थानकाच्या आसऱ्याने राहणाऱ्याला क्षयरोग झाला, तर साधारण सहा महिने गोळ्या चालतात : दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन. दरमहा १,००० रुपये पोषणासाठी मिळतात, तेही बँक खात्यात. तिसऱ्या महिन्यात तिथून हुसकावले की तो कळव्याला नाहीतर कल्याणला जातो आणि इकडे नोंदवहीत त्याने उपचार सोडल्याचा शेरा पडतो. त्याने सोडले की सोडावे लागले, हे कळायचे तर कुणीतरी दोन-तीन वर्षे त्याच माणसांचा माग ठेवायला हवा. इतका सलग वेळ पीएचडी करणाऱ्याकडेच असतो.

आता पैशाचे पाहू. जानेवारी २०२३ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीत (जेआरएफ) दरमहा ३७,००० आणि दोन वर्षांनी ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे वगळून पाच वर्षांचे २४ लाख. रक्कम वाईट नाही, मिळाली तर. बहुतेकांना ती मिळत नाही. शिवाय ती संशोधकाच्या पोटासाठी. अभ्यासाच्या खर्चाला सामाजिक शास्त्रांत पहिली दोन वर्षे वर्षाला १०,०००, म्हणजे महिन्याला साडेआठशेसुद्धा नाहीत. त्यात रात्रीची रिक्षा, सोबतीला दुसरे माणूस, तेलुगू किंवा भोजपुरी समजणारा कुणी, सगळे बसवायचे. मग विद्यार्थी दिवसा, निवाऱ्यातच, सापडतील त्यांनाच प्रश्न विचारतो. आणि निवाऱ्याबाहेरचे, म्हणजे नेमके जास्त आजारी असण्याची शक्यता असलेले, पुन्हा सुटतात.

लोक म्हणतील, हा पैसा निवाऱ्यांना आणि औषधांना द्या. निवारे हवेतच. लाख लोकसंख्येमागे एक, या निकषाने २०११च्या आकड्यांवर ठाणे शहराला अठरा लागतात. पण ते कुठे असावेत, क्षयरुग्णाला आत घ्यायचे की नाही, हे निकष सांगत नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : प्रबंध धूळ खातात. खातात, कारण ते ज्याच्या कामाचे त्याने मागवलेलेच नसतात. बेघरांसोबत काम करणाऱ्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाने बिहार सरकारच्या सांगण्यावरून तिथल्या निवारागृहांची तपासणी केली. ती पीएचडी नव्हती, पण त्या अहवालातून २०१८ मध्ये मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातले लैंगिक शोषणाचे प्रकरण उघडकीस आले आणि २०२० मध्ये मुख्य आरोपीला जन्मठेप झाली.

तेव्हा ठाणे महापालिकेने कळव्याचे आपले वैद्यकीय महाविद्यालय आणि मुंबई विद्यापीठाचे ठाणे उपकेंद्र यांना सोबत घ्यावे, आणि क्षेत्रकामाच्या स्वतंत्र खर्चासह अशी एक तरी शिष्यवृत्ती पुढच्या अंदाजपत्रकात मांडावी.