अक्षरांची ओढ, अंकांची गोडी

तीन-साडेतीन वर्षांचे मूल एखाद्या दिवशी अचानक अक्षरांच्या मागे लागते. दुकानाची पाटी, बिस्किटाच्या पुड्यावरील नाव, मोटारीचा क्रमांक, भिंतीवरील दिनदर्शिका, जे दिसेल त्यावर बोट ठेवून ते विचारते, "इथे काय लिहिलंय?" जिना चढताना पायऱ्या मोजते, ताटातील पुऱ्या मोजते, पाटीवर रेघोट्या ओढून "मी नाव लिहिलं" असे सांगते. ही ओढ कोणी लावलेली नसते. ती आतून उमललेली असते. घरातील सर्वांना तिचे कौतुक वाटावे, हे स्वाभाविकच आहे. मात्र या कौतुकापासून पुढे दोन वाटा फुटतात. एका वाटेने ही जिज्ञासा आयुष्यभर सोबत करते. दुसऱ्या वाटेने ती पहिलीचा वर्ग गाठण्यापूर्वीच आटून जाते. कोणती वाट घ्यायची, हे ठरते ते बहुतांशी घरातील मोठ्यांच्या वागण्यावरून.

अक्षर आणि अंक या दोन विद्यांना आपल्या परंपरेत जोडीचा मान आहे. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या शिकविली, ही आदिपुराणातील कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्या कथेत शिकविणारा कोणी बाहेरचा गुरू नाही. पिता स्वतः कन्यांना जवळ घेऊन शिकवितो, हे विशेष. आदिपुराणकार आचार्य जिनसेन आणि 'गणितसारसंग्रह' रचणारे महावीराचार्य हे दोघेही नवव्या शतकातील, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या राजवटीतील. महावीराचार्यांनी ग्रंथाच्या आरंभीच गणिताची थोरवी गाताना संगीत, वैद्यक, वास्तुविद्या यांच्या पंक्तीला पाकशास्त्रही बसविले आहे. गणित स्वयंपाकघरातही असते, हे त्यांनी अकराशे वर्षांपूर्वी जाणले होते. लहान मुलाचे गणित तर मुख्यतः तेथेच असते.

मोजणे आणि म्हणणे

चार वर्षांचे मूल शंभरापर्यंत अंक घडाघडा म्हणते, तेव्हा ते मोजायला शिकले असे आपण समजतो. पण ते बहुधा गाण्यासारखे पाठ झालेले असते. खरी परीक्षा साधी आहे. मुलापुढे बदामांची वाटी ठेवावी आणि "मला पाच बदाम दे" म्हणावे. अंक म्हणणारी कित्येक मुले मूठभर बदाम उचलून देतात. एका बदामाला एकच अंक आणि शेवटी उच्चारलेला अंक म्हणजे एकूण बदाम, या दोन गोष्टी उमगल्या की मूल मोजू लागले असे म्हणावे. शंभरापर्यंत पाठ करण्याहून दहापर्यंतची ही समज अधिक मोलाची होय.

मराठी संख्यानामांची एक अडचणही ध्यानात घ्यावी. 'एकवीस' म्हणताना एक आधी उच्चारला जातो, पण लिहिताना दोन आधी लिहावा लागतो. 'एकोणतीस' ऐकताना कानावर तीस पडतो, पण पाटीवर २९ उमटतो. ज्या घरांत गुजराती वा मारवाडी बोलली जाते, तेथेही एककच आधी येतो. इंग्रजी शाळेत मात्र क्रम उलटतो. शिवाय मराठीतील १ आणि इंग्रजीतील नऊ, मराठीतील ४ आणि इंग्रजीतील आठ दिसायला जवळजवळ सारखे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वादंग माजला! वाद काहीही असो, त्यामागची अडचण खरी आहे. म्हणून मुलाने एकवीसऐवजी १२ लिहिले, तर "एवढंही येत नाही?" असे म्हणण्यापूर्वी त्याच्या कानाने जे ऐकले तेच त्याच्या हाताने लिहिले, हे आठवावे.

हाताआधी बोट

पूर्वी मुले धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवीत. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केले. त्यांच्या पद्धतीतही खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून मुले बोट फिरवीत. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला काम केले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि पुढे बोर्डी-कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांसाठी पाने, बिया, खडे, शिंपले हीच शिक्षणाची साधने झाली. या सर्वांतील समान सूत्र हे, की लेखणी धरण्यापूर्वी बोटांनी आकार ओळखावा.

चार वर्षांच्या मुलाच्या बोटांचे स्नायू पुरते तयार झालेले नसतात. त्याच्याकडून पानेच्या पाने भरून घेतल्यास हात दुखतो आणि हाताबरोबर मनही कंटाळते. त्यापेक्षा ताटात रवा पसरून त्यावर अक्षर काढू द्यावे, कणकेच्या वळकटीचा 'र' करू द्यावा. आरंभ त्याच्या स्वतःच्या नावापासून करावा, कारण मुलाला सर्वांत प्रिय अक्षर त्याच्या नावातलेच असते. त्यानंतर आकाराचे नाते दाखवावे. 'व'च्या पोटात रेघ दिली की 'ब', शेपूट जोडली की 'क'. अक्षर आरशातल्यासारखे उलटे निघाले तरी घाबरू नये. या वयात ते नेहमीचेच असते.

कौतुकाचा भार

खरा धोका याच्याही पुढे आहे. पाहुणे आले की "अंक म्हणून दाखव", नातेवाइकांच्या समूहावर रोज चित्रफीत, चुलत भावंडांशी तुलना, आणि पाचवे वर्ष लागण्याआधीच शिकवणी. आरंभी मुलाला टाळ्या आवडतात. हळूहळू मात्र त्याची नजर अक्षरावरून उठून आपल्या चेहऱ्याकडे वळते. 'इथे काय लिहिलंय?' हा प्रश्न मागे पडतो आणि 'माझं बरोबर आलं ना?' हा प्रश्न पुढे येतो. चुकण्याची भीती शिरली की नव्या अक्षराला हात घालण्याचे धाडस सरते. भांडवल मोडून नफा दाखविणाऱ्या पेढीचे काय होते, हे आपणांस सांगावयास नको. मुलाची जिज्ञासा हे भांडवल आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिक्षणावर भर दिला आहे. तेव्हा घाईचे कारण नाही. ज्या मुलाला अद्याप अक्षरांची ओढ नाही, त्याच्याही पालकांनी धीर धरावा.

व्यापारी घरांत वेळ अपुरा असतो, हे खरे. पण साधने विपुल असतात. सुटीच्या दिवशी मुलाला दुकानात न्यावे. सुटी नाणी त्याच्याकडून वेगळी करवावीत, दहा-दहांचे ढीग लावू द्यावेत. एकक-दशकाचा पाया याहून चांगला कोठे घातला जाणार? चोवीस तीर्थंकरांच्या चित्रांतील लांछने क्रमाने दाखवावीत. पहिल्याचा बैल, दुसऱ्याचा हत्ती, तिसऱ्याचा घोडा हे मुलांच्या लगेच स्मरणात राहते. आजोबांना पावकी, निमकी, दिडकी येत असेल, तर ती नातवाच्या कानावर पडू द्यावी. पाठ करून घेण्याची सक्ती नको. रोज पंधरा मिनिटे पुरेत, पण त्या वेळात भ्रमणध्वनी दूर असावा आणि गिऱ्हाइकाला द्यावे तसे पूर्ण लक्ष मुलाला द्यावे.

आणखी एक पथ्य मोठ्यांसाठी आहे. मुलाने विचारले की सांगावे, आणि ते उठून खेळायला गेले की जाऊ द्यावे. ज्या मुलाला उठण्याची मोकळीक असते, ते दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी पाटी घेऊन येते.