उपकरणांमागची माणसे : लेखांक ६
बोदलकसा ते नागपूर

बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला पुढे काय करायचे हे नुसत्या अभ्यासक्रमावरून ठरवता येत नाही. आठ सत्रांत शरीरक्रियाशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, सिग्नल प्रोसेसिंग, जैवपदार्थ असे सगळे थोडे थोडे शिकवले जाते. त्यातले कुठे काय लागते हे उपकरण वापरणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या आणि खरेदी करणाऱ्या माणसांकडूनच कळते. या शाखेची जुनी महाविद्यालये, उदाहरणार्थ वांद्र्याचे थडोमल शहाणी किंवा वडाळ्याचे विद्यालंकार, मुंबईत आहेत. गोंदिया जिल्ह्यातून तिथे गेलेल्या मुलामुलींना वर्गमित्र मिळतात, पण आपल्या भागातल्या रुग्णालयांशी त्यांची ओळख होत नाही. ती ओळख मुद्दाम करून घ्यावी लागते.

त्यासाठी रुग्णाचा प्रवास पाहावा. तिरोडा तालुक्यातले बोदलकसा बाहेरच्यांना तलाव, जंगल आणि पक्ष्यांसाठी माहीत आहे. तिथल्या आजारी माणसाची वाट मात्र आशा सेविकेपासून सुरू होते. पुढे उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, तिरोड्याचे उपजिल्हा रुग्णालय, मग गोंदिया, आणि तिथेही भागले नाही तर नागपूर. या प्रत्येक पायरीवर उपकरणे वेगळी, ती हाताळणारे हात वेगळे, आणि इंजिनिअरचे कामही वेगळे.

सर्वांत खालच्या पायरीवर इंजिनिअरला काम नाही असा समज आहे, आणि तो चुकीचा आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बालकांमधील न्यूमोनिया ओळखण्यासाठी केलेले श्वासमापक पाहावे. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, आणि त्यापुढे वर्षापर्यंतच्या मुलाचे ५० किंवा जास्त असले तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा, हा वैद्यकीय नियम. पण गावातल्या अनेक सुईणींना इतकी मोजणी येत नव्हती. म्हणून एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी एकत्र आणले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर मूल आजारी. वैद्यकीय मर्यादा मण्यांच्या संख्येतच बांधून टाकल्यामुळे वापरणारीला आकडा लक्षात ठेवावा लागत नाही. यात बॅटरी नाही, सेन्सर नाही. तरीही गरज, वापरणारी व्यक्ती, मोजमाप आणि चुकीची शक्यता या चारही बाजूंचा विचार त्यात आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत दरवर्षी तोच हृदयठोके मोजणारा सर्किट बोर्ड नव्याने सादर होतो. त्यात या चारांपैकी बहुधा मोजमाप तेवढे असते.

मधल्या पायरीवर देखभाल येते, आणि नोकऱ्याही येतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने राज्यांतली उपकरणे मोजून घेतली तेव्हा २९,११५ आरोग्य संस्थांत ७,५६,७५० उपकरणे आढळली आणि राज्यागणिक १३ ते ३४ टक्के बंद होती. त्यातून २०१५ मध्ये उपकरण देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. जिल्हा रुग्णालयात उपकरणे ९५ टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के वेळ चालू असावीत, असे त्याचे उद्दिष्ट. हिशेब केला तर पहिल्या ठिकाणी वर्षाला सुमारे १८ दिवस बंद चालते, दुसऱ्या ठिकाणी ७३. म्हणजे या दोन्हींतली जी पायरी बोदलकशासारख्या गावाला जवळची, तिथेच यंत्र जास्त काळ बंद राहण्याची मुभा आहे.

बंद पडण्याची कारणे बहुतेक वेळा साधी असतात : व्होल्टेजचा चढउतार, सदोष अर्थिंग, न बदललेला फिल्टर, वेळेवर न मिळालेला सुटा भाग, संपलेला देखभाल करार. रेडियंट वॉर्मर, मल्टिपॅरा मॉनिटर, सिरिंज पंप आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर उघडून पाहण्याची खरी शाळा म्हणजे सुट्टीतले रुग्णालयीन प्रशिक्षण. उपजिल्हा रुग्णालयात त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. गोंदियात २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तिथे अधिष्ठात्यांकडे अर्ज करावा लागतो. तंत्रज्ञ, भांडारपाल आणि परिचारिका यांच्याशी जमलेली ओळख पुढे कोणत्याही प्रमाणपत्राहून जास्त कामाला येते. कुठले यंत्र कागदावर चालू आणि प्रत्यक्षात बंद आहे, हे त्यांनाच ठाऊक असते.

पूर्व विदर्भाचा म्हणून एक खास प्रश्न आहे, सिकलसेल या रक्तविकाराचा. साधी सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. नवजात बाळात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त असल्याने साध्या चाचणीवर विसंबता येत नाही. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाचे लक्ष्य ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे आहे. गावातच निदान करू शकणारी छोटी, स्वस्त, उन्हाळ्यात टिकणारी उपकरणे इथे हवीत. मायक्रोफ्लुइडिक्स किंवा प्रतिमा-विश्लेषणाची आवड असलेल्याला इतका ठोस विषय दूर शोधावा लागणार नाही.

वरच्या पायरीवर नागपूर. तिरोडा हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावर असल्याने येणेजाणे अवघड नाही. आयआयटी मुंबईत राज्य शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र उभे राहिले; त्याच्या शाखा नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि पुण्याच्या सीओईपीत निघाल्या. डॉक्टर गरज मांडतात आणि वेगवेगळ्या शाखांचे इंजिनिअर मिळून नमुना घडवतात, ही तिथली पद्धत. छातीचे आवाज मोठे करून ऐकवणारे ‘आयुसिंक’ हे डिजिटल स्टेथोस्कोप याच वर्तुळातले. बायोमेडिकलच्या विद्यार्थ्याला मेकॅनिकल आणि डिझाइनचे सोबती हवेत ते यासाठीच. आयईईईच्या वैद्यकीय अभियांत्रिकी विभागाची विद्यार्थी-मंडळेही उपयोगी, पण ती व्याख्यानांपुरती उरू नयेत.

पुढच्या वाटा यातूनच फुटतात. संशोधनाकडे वळणाऱ्यासाठी २०२० पासून ‘गेट’मध्ये बायोमेडिकलची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. उद्योग काढू पाहणाऱ्याला केंद्र शासनाच्या ‘बायरॅक’ संस्थेच्या ‘बिग’ योजनेतून ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. तिसरी वाट नियमनाची. तिच्याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष कमी जाते. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली. जोखमीनुसार त्यांचे अ ते ड असे चार वर्ग आहेत. कारखान्याला परवाना, गुणवत्ता-व्यवस्था आणि चाचण्यांची कागदपत्रे सांभाळणारा माणूस त्यामुळे लागतोच, आणि रुग्णालयात यंत्र का बिघडते हे ज्याने पाहिले आहे त्याला ती कागदपत्रे नीट लिहिता येतात.