शिक्षक पदस्थापना (महाराष्ट्र)

शिक्षक पदस्थापना म्हणजे निवड झालेल्या नव्या शिक्षकास विशिष्ट शाळा, विषय व इयत्ता नेमून देण्याची प्रक्रिया होय. व्यवहारात ‘भरती’ व ‘पदस्थापना’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु या दोन क्रिया वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या निकषांवर होतात. महाराष्ट्रात उमेदवारास जिल्हा परिषद किंवा संस्था मिळते ती राज्यस्तरीय संगणक प्रणालीतून; शाळा ठरवते ती जिल्हा परिषद अथवा संस्था; आणि इयत्ता ठरते मुख्याध्यापकाच्या टेबलावर.

पदांची निश्चिती

कोणत्या शाळेत किती शिक्षक असावेत, हे संचमान्यतेने ठरते. तिचा आधार शाळेची पटसंख्या हा असतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी ६० विद्यार्थ्यांपर्यंत दोन, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार आणि १२१ ते २०० पर्यंत पाच शिक्षक असतात. सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गास किमान एक शिक्षक आणि त्यांत विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी प्रत्येकी किमान एक शिक्षक अपेक्षित आहे.

या गणिताचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पाच इयत्ता आणि ६० मुले असलेल्या शाळेला दोनच शिक्षक मिळतात. म्हणजे कायदा पूर्णपणे पाळूनही एका शिक्षकाकडे दोन किंवा तीन इयत्ता येतात. खेड्यापाड्यांत बहुवर्ग अध्यापन हा अपवाद नसून नियम आहे, तो यामुळे.

मंजूर पदांतून कार्यरत शिक्षक वजा केल्यावर रिक्त पदे उरतात. त्यांवर प्रथम इतर शाळांतील अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन होते. शिल्लक पदे बिंदुनामावलीनुसार आरक्षणाच्या प्रवर्गांत विभागली जातात. मगच जाहिरात निघते.

पात्रता

पहिली ते पाचवीसाठी बारावी व अध्यापन पदविका, सहावी ते आठवीसाठी पदवी व अध्यापनाची पदविका किंवा पदवी, नववी-दहावीसाठी पदवी व बी.एड., तर अकरावी-बारावीसाठी पदव्युत्तर पदवी व बी.एड. ही सर्वसाधारण अट आहे. आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण असावी लागते. तिचा पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी व दुसरा सहावी ते आठवीसाठी असतो. महाराष्ट्रात ही परीक्षा प्रथम डिसेंबर २०१३ मध्ये झाली.

बी.एड. धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवणारी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची २०१८ची अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये ग्राह्य धरली नाही. लहान मुलांना शिकवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, मोठ्यांच्या अध्यापनाची ती सोपी आवृत्ती नव्हे, हे तत्त्व त्यामुळे अधोरेखित झाले.

पवित्र प्रणाली

खाजगी अनुदानित शाळांतील नेमणुका पूर्वी संस्थाचालकांच्या हाती होत्या आणि त्यांतील देवघेवीविषयी तक्रारी असत. २०१७ साली शासनाने ‘पवित्र’ ही संगणक प्रणाली आणली. तिच्यासाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी घेतली जाते. अभियोग्यतेचे १२० व बुद्धिमत्तेचे ८०, असे एकूण २०० गुण असतात. पहिली चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये, दुसरी फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये आणि तिसरी मे-जून २०२५ मध्ये झाली. पहिल्या चाचणीवर आधारित निवडयादी ऑगस्ट २०१९ मध्ये लागली. दरम्यान वर्ग रिकामेच राहिले होते.

उमेदवार आपली अर्हता, माध्यम, विषय व प्रवर्ग नोंदवतो आणि उपलब्ध पदांचा प्राधान्यक्रम लावतो. प्रणाली गुणानुक्रमे एकेका उमेदवाराचा क्रम पाहून त्याला मिळू शकणारे सर्वांत वरचे पद देते. संस्थांना मुलाखतीसह किंवा मुलाखतीशिवाय असे दोन पर्याय असतात. अल्पसंख्याक संस्थांना या प्रणालीतून सूट आहे.

वशिला व पैसा यांना या पद्धतीने मोठा पायबंद बसला, हे मान्य केले पाहिजे. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. पहिलीच्या मुलाला अक्षरओळख करून देणारा आणि बारावीला भौतिकशास्त्र शिकवणारा, दोघेही एकच चाचणी देतात. चाचणीत विषयज्ञान तपासले जात नाही. ते पदवीवरून गृहीत धरले जाते.

शाळा मिळणे

जिल्हा परिषदेत निवड झालेल्यांना समुपदेशनाने शाळा दिली जाते. रिक्त शाळांची यादी पडद्यावर दाखवतात, गुणानुक्रमे नावे पुकारली जातात आणि उमेदवार शाळा निवडतो. दिव्यांग व महिला उमेदवारांना सामान्यतः आधी संधी मिळते. रस्त्यालगतच्या शाळा लवकर संपतात. डोंगरापलीकडच्या पाड्यावरची शाळा यादीतील शेवटच्या उमेदवारास मिळते. म्हणूनच शून्यशिक्षकी व एकशिक्षकी शाळा आधी भराव्यात, असा दंडक घालावा लागतो.

माध्यमाच्या रकान्यात मराठी, उर्दू, कन्नड, हिंदी अशा भाषा येतात. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील माडिया किंवा नंदुरबारमधील पावरी बोलणाऱ्या मुलाची भाषा तेथे येत नाही. कागदोपत्री मराठी माध्यमाचा शिक्षक मराठी शाळेत जातो. वर्गात मात्र दोघांनाही एकमेकांचे बोलणे कळत नाही. अनुसूचित क्षेत्रातील पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी राखण्यामागे हेही एक कारण होते. आंध्र प्रदेशातील अशा क्षेत्रांमधील शिक्षकपदांचे शंभर टक्के आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये रद्द केले. न्यायालयाचा आक्षेप आरक्षणाच्या प्रमाणाला होता; भाषेची अडचण त्याने सुटत नाही.

विषय व इयत्ता

शाळेत रुजू झाल्यावर खरी वाटणी होते. ‘गणित-विज्ञान’ हे एकच पद असल्याने बारावीनंतर गणिताला हात न लावलेला जीवशास्त्राचा पदवीधर सातवीला बीजगणित शिकवतो. माध्यमिक शाळेत ज्येष्ठ शिक्षकांच्या तासिका ठरल्यावर उरलेल्या तासिका नव्या शिक्षकाच्या वाट्याला येतात. त्यांत मराठीच्या तासिका हमखास असतात, कारण मराठी कोणालाही शिकवता येते अशी समजूत आहे. व्याकरण व काव्य शिकवताना ती किती खोटी आहे, ते विद्यार्थ्यांना प्रथम कळते.

प्राथमिक शाळेत पहिलीचा वर्ग अनुभवी शिक्षकाकडे असावा, ही जुनी आणि योग्य परंपरा आहे. एकशिक्षकी शाळेत तिला अर्थ उरत नाही.

नवा शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक असतो. २०२३ पासून प्राथमिक स्तरावर त्याचे मानधन १६,००० रुपये, माध्यमिक स्तरावर १८,००० व उच्च माध्यमिक स्तरावर २०,००० रुपये आहे. जिल्हा परिषदेच्या बदली धोरणानुसार अवघड क्षेत्रात तीन वर्षे सेवा केलेल्या शिक्षकास बदलीचा हक्क मिळतो, आणि पाड्यावरचे पद पुन्हा रिक्त होऊ शकते. पट घटल्यास सामान्यतः सेवाकनिष्ठ शिक्षक अतिरिक्त ठरतो व समायोजनाने दुसऱ्या शाळेत जातो.