झेवियर : एका घराचे नाव

प्रथम वर्षाच्या पहिल्या हजेरीत सरांनी ‘झेवियर’ असे पुकारले, तेव्हा मला ते आडनाव वाटले. शेजारचा मित्र हसून म्हणाला, “अरे, हे माझं नाव. आडनाव वेगळं आहे.” पुढे ग्रंथालयात वाचताना कळले, की माझी समजूत अगदीच चुकीची नव्हती.

हा शब्द मूळचा बास्क भाषेतला. ‘एचे’ म्हणजे घर आणि ‘बेरी’ म्हणजे नवे. या ‘नव्या घरा’वरून स्पेनच्या उत्तरेकडील नावारा प्रांतातील एका गढीला व गावाला नाव पडले. त्या गढीत ७ एप्रिल १५०६ रोजी फ्रान्सिस यांचा जन्म झाला. वडिलांचे आडनाव जास्सो. गढी आईकडून आलेली. १५१२ मध्ये कॅस्टिलने नावारा जिंकले आणि १५१६ मध्ये गढीचे तट-बुरूज पाडण्यात आले. फ्रान्सिस तेव्हा दहा वर्षांचे होते. एकोणिसाव्या वर्षी ते शिकायला पॅरिसला गेले, १५४२ मध्ये गोव्यास आले आणि १५५२ मध्ये चीनजवळच्या एका बेटावर वारले. त्यांचे शव आज जुन्या गोव्यात आहे.

१६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. फ्रान्सिस नावाचे संत आणखीही होते. म्हणून मुलांना ‘फ्रान्सिस झेवियर’ अशी जोडी देत. पुढे जोडीतला ‘फ्रान्सिस’ गळला आणि घराचे नाव माणसाचे झाले. स्पेनमध्ये त्याचा उच्चार ‘हाविएर’ होतो. १९८२ ते १९९१ या काळात संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस असलेले पेरूचे पेरेझ द क्वेयार हे हाविएरच. २०१० चा फुटबॉल विश्वचषक जिंकणाऱ्या स्पेन संघातला ‘चावी’ हेही त्याचेच लाडके रूप. रोमन लिपीत या नावाचे पहिले अक्षरच दुर्मिळ. त्यामुळे ज्यांना संताशी कर्तव्य नाही, त्यांनाही ते आवडते.

आता थोडे माझ्याविषयी. आमचे आडनाव गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून झालेले. ते गाव आजोबांच्या काळात धरणात गेले. वडील शाळेत गेले नाहीत. त्यामुळे हे आडनाव महाविद्यालयाच्या हजेरीपटावर प्रथम माझ्यामुळेच आले. काका म्हणतात, “गावच उरलं नाही, तर आडनाव कशाला? राजपत्रात देऊन बदलून घे.” पूर्वी मलाही ते पटत असे. पण तट पाडलेल्या एका घराचे नाव आमच्या वर्गापर्यंत येऊन पोहोचले आहे. काकांना मी नाही म्हणून कळवले आहे.

— द्वितीय वर्ष, कला