अ‍ॅटनबरो बंधूंचा संगीतकार

'गांधी' (1982) म्हटलं की आपल्याला पंडित रविशंकर आठवतात. पण ऑस्करच्या नामांकनात त्यांच्या जोडीला आणखी एक नाव होतं: जॉर्ज फेंटन. इंग्लंडच्या या संगीतकाराची सुरुवात रंगभूमीवर झाली, तीही नट म्हणून, अ‍ॅलन बेनेटच्या नाटकात! पुढे रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या नाटकांना संगीत दिलं, मग टीव्ही. बीबीसीच्या 'न्यूजनाइट'ची धूनही त्याचीच.

दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरोसाठी 'गांधी', 'क्राय फ्रीडम', 'शॅडोलँड्स' केले आणि धाकटे बंधू डेव्हिड यांचं निवेदन असलेल्या 'ब्लू प्लॅनेट' (2001) आणि 'प्लॅनेट अर्थ' (2006) या निसर्गमालिकांनाही संगीत दिलं. 'ब्लू प्लॅनेट'चं शीर्षकसंगीत हेडफोन लावून ऐकाच. वाद्यवृंदात कोरसचे आवाज मिसळतात आणि समुद्राचा अफाटपणा अंगावर येतो. निसर्गपटाचं संगीत थेट मैफलीच्या मंचावर नेण्यात या माणसाचा मोठा वाटा आहे. मोठ्या पडद्यावर समुद्र आणि समोर अख्खा ऑर्केस्ट्रा.

मला मात्र त्याची खरी ताकद केन लोचच्या सिनेमांत दिसते. 'आय, डॅनियल ब्लेक'मध्ये संगीत इतकं मोजकं आहे की पटकन जाणवतही नाही. एवढा भव्य वाद्यवृंद हाताळणाऱ्याला हा संयम जमतो, हे मला फार मोठं वाटतं. 'ब्लू प्लॅनेट'नंतर लगेच तो सिनेमा बघा.