भोकं पुष्कळ, पाणी कुठंय?

उज्जैनच्या फ्रीगंजातल्या टावर चौकात संध्याकाळी खाण्याच्या गाड्यांभोवती अशी गर्दी असते की मनोऱ्यावरच्या घड्याळाकडेही कुणाची मान वर जात नाही. मग कडेला पडलेल्या खडीकडे कोण बघणार? पण कधी खडीचा ढीग दिसलाच, तर त्यातून दोन तुकडे शोधा. एक काळा, घट्ट, धारदार कडांचा. दुसरा करडा-तांबूस, वाटाण्याएवढ्या भोकांचा. काही भोकं रिकामी, काहींत पांढरं काहीतरी गच्च बसलेलं. दोन्ही बेसाल्टच. माळव्याचं पठार आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच खडकाचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. (ज्वालामुखीचा डोंगर कुठे गेला, असं विचारू नका. हा लाव्हा मुख्यतः जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वर आला आणि पसरला.)

भोकं पावसापाण्यानं पडली, असं अनेकांना वाटतं. मग ती खाणीत, थेट खोलवरच्या दगडातही का सापडतात? तव्यावर घावनाला जाळी पडते, तसाच हा प्रकार आहे. खोलवर दाबाखाली लाव्हात वाफ आणि वायू विरघळलेले असतात. वर येताना दाब उतरतो, बुडबुडे सुटतात, आणि ते निसटण्याआधीच लाव्हा थिजला तर त्यांची घरं तेवढी उरतात. बुडबुडे वर चढतात, म्हणून थराच्या माथ्याला जाळी दाट, पोटात दगड घट्ट, तळाशी पुन्हा थोडी जाळी. तेव्हा आपले ते दोन तुकडे एकाच थरातले असू शकतात. पाट्या-वरवंट्यावरचे खळगे मात्र टाकीचे; त्यांचं श्रेय लाव्हाला नको.

आता खरा महागात पडणारा गैरसमज: भोकं जास्त म्हणजे पाणी जास्त. बोअर घेणारा माणूस जाळीचा दगड लागला की खूश होतो. पण पोकळी असणं वेगळं आणि एका पोकळीतून दुसरीत वाट असणं वेगळं. शंभर बंद खोल्यांच्या इमारतीत जागा भरपूर असते, पण दारंच नसतील तर आत जाणार कोण? ताज्या बेसाल्टात बरेच बुडबुडे असे एकेकटे कोंडलेले असतात. पाणी वाहतं ते झिजलेल्या भागातून, भेगांतून आणि दोन थरांमधल्या फटींतून. म्हणूनच भूजलाचा हिशेब मांडताना बेसाल्ट स्वतःच्या आकारमानाच्या साधारण 1 ते 3 टक्केच पाणी सोडतो, असं धरतात.

ही आतली रचना डोळ्यांनी ठरत नाही, वजनानं मात्र बरीचशी कळते. समजा, वाळवलेला तुकडा 290 ग्रॅम भरला. आतली हवा पंपानं काढून त्यात पाणी मुरवलं आणि पृष्ठभाग पुसून पुन्हा तोलला, तर 296 ग्रॅम. पाण्यात टांगून तोलला, तर 190. म्हणजे 6 घनसेंटिमीटर पाणी आत शिरलं आणि दगडाचं एकूण आकारमान 106. उघडी सच्छिद्रता सुमारे 5.7 टक्के. बंद खोल्या यात मोजल्याच गेल्या नाहीत. त्यांच्यासाठी दगडाची पूड करून तिची घनता काढतात आणि अख्ख्या तुकड्याच्या घनतेशी ताडतात. वाटा बघायच्या तर दवाखान्यातल्यासारखं, पण कितीतरी बारीक नजरेचं सीटी स्कॅन करतात. एक्स-रेच्या शेकडो चित्रांतून दगड न फोडता आतल्या पोकळ्यांचा नकाशा उभा राहतो.

भोकातलं ते पांढरं म्हणजे चुना, असंही सर्रास सांगतात. काही ठिकाणी ते कॅल्साइट असतं खरं, पण पुष्कळदा झिओलाइट. लाव्हा थिजल्यावर खडकातून फिरलेल्या पाण्यानं ते पोकळीत साचवलं. विहीर खणणारे भरलेल्या भोकांच्या या खडकाला मांजऱ्या म्हणतात. भोकं बुजली म्हणजे पाण्याची वाट अडली. तोच खडक झिजून मऊ झाला की पुन्हा थोडी मोकळी होते. गंमत अशी की, पोकळी बुजवणाऱ्या झिओलाइटच्या स्फटिकातच रेणूंच्या मापाची भोकं असतात आणि त्यांत पाणी अडकलेलं असतं. 1756 साली स्वीडनचे खनिजतज्ज्ञ क्रॉनस्टेट यांनी असं खनिज तापवलं, तेव्हा ते फसफसून उकळल्यासारखं दिसलं. म्हणून ‘उकळणारा दगड’ या अर्थाचं हे ग्रीक नाव. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं निळंशार कॅव्हन्साइट जगभरचे संग्राहक घेतात, तेही बेसाल्टाच्या अशाच पोकळ्यांतलं.

तेव्हा बोअरला पैसे मोजण्याआधी शेजारच्या एखाद्या जुन्या विहिरीत डोकावून या. काळा पाषाण कुठे संपतो, मांजऱ्या कुठे लागतो आणि ओल नेमकी कोणत्या फटीतून झिरपते, हे तिच्या भिंतीवर उघडं दिसतं.