मार्कच्या शुभवर्तमानातली शेवटची १२ वचनं मागाहून जोडली गेली का?

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९१० च्या सुमारास जॉर्ज वेंट हेन्सली नावाचा एक धर्मोपदेशक प्रार्थनेच्या वेळी विषारी साप हातात धरायला लागला. आधार बायबलचाच होता. विश्वास ठेवणारे साप उचलतील, विष प्यायले तरी त्यांना बाधणार नाही, असं मार्कच्या शुभवर्तमानात १६ व्या अध्यायात म्हटलं आहे. ही प्रथा पसरली, माणसं दगावली आणि १९४७ साली टेनेसीनं त्यावर बंदी घातली. १९५५ मध्ये हेन्सलीचा मृत्यूही सर्पदंशानंच झाला.

पण ज्या ओळींवर त्यानं जीव पणाला लावला, त्या सगळ्यात जुन्या ग्रीक प्रतींमध्ये सापडतच नाहीत.

मुळात प्रकरण काय आहे?

नव्या करारात येशूचं जीवन सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत. मत्तय, मार्क, लूक आणि योहान. यातलं मार्कचं सगळ्यात जुनं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ते इसवी सन ७० च्या आसपास, म्हणजे येशूला क्रुसावर दिल्यानंतर साधारण ४० वर्षांनी लिहिलं गेलं. मूळ प्रत आज कुठंच नाही. आहेत त्या हातानं केलेल्या नकलांच्या नकला.

व्हॅटिकन कोडेक्स आणि सिनाई कोडेक्स ही चौथ्या शतकातली हस्तलिखितं. दोन्हींमध्ये मार्क १६ व्या अध्यायाच्या ८ व्या वचनावर थांबतो. तीन स्त्रिया थडग्यापाशी जातात, पांढऱ्या झग्यातला एक तरुण सांगतो की येशू उठला आहे, त्या घाबरून पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत. बस्स, संपलं. उठलेला येशू कुणाला भेटल्याचा प्रसंगच नाही.

नंतरच्या बहुसंख्य प्रतींमध्ये मात्र पुढं आणखी १२ वचनं येतात. त्यात येशू शिष्यांना भेटतो, सापांचा उल्लेख येतो आणि येशू स्वर्गात जातो. काही प्रतींमध्ये तर एक तिसराच, छोटा शेवट आहे.

मागाहून जोडल्याचा संशय का?

पहिलं कारण अर्थात जुन्या प्रती. चौथ्या शतकातला चर्चचा इतिहासकार युसेबियस यानंही लिहून ठेवलंय, की नेमक्या प्रतींमध्ये मार्क ८ व्या वचनावर संपतो.

दुसरं कारण भाषा. या १२ वचनांतले बरेच शब्द मार्क इतरत्र वापरत नाही. शिवाय मरीया मग्दालीया नुकतीच गोष्टीत येऊन गेलेली असताना ९ व्या वचनात तिची नव्यानं ओळख करून दिली जाते.

दुसरी बाजू काय म्हणते?

ही भर असली तरी ती खूप जुनी आहे. इसवी सन १८० च्या सुमारास इरेनियस या बिशपनं यातलं एक वचन मार्कचं म्हणूनच उद्धृत केलंय. म्हणजे दुसऱ्या शतकात हा शेवट प्रचलित होता. याच आधारावर काही अभ्यासक तो मूळचाच असल्याचं मानतात.

ही वचनं मार्कची नसतील, तर मग त्याचा खरा शेवट कोणता? काही म्हणतात, वाचकाला विचारात पाडण्यासाठी तो मुद्दाम तिथंच थांबला. काहींच्या मते शेवटचं पान हरवलं. ८ व्या वचनातला शेवटचा ग्रीक शब्द ‘कारण’ या अर्थाचा आहे, त्यामुळं वाक्य अर्धवट वाटतं आणि हा वाद मिटत नाही.

मग ‘बायबल बदललं’ हे खरं का?

सोशल मीडियावर एक दावा सतत फिरतो, की ३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइननं नायसियाच्या परिषदेत शुभवर्तमानं निवडली आणि बदलली. ते खरं नाही. त्या परिषदेच्या नियमांत ग्रंथांची यादीच नाही. चारच शुभवर्तमानं मानावीत, हे इरेनियसनं त्याआधी सव्वाशेहून अधिक वर्षं लिहून ठेवलं होतं.

तसंच, ही १२ वचनं बाजूला ठेवली म्हणून पुनरुत्थानाची कथाच नंतर रचली, असंही ठरत नाही. मार्कच्या ८ व्या वचनाआधीच येशू उठल्याचं सांगितलं आहे. आणि मार्कच्याही आधी, ५५ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात पौल उठलेला येशू कुणाकुणाला दिसला याची यादी देतो. पुनरुत्थान खरंच घडलं का, हा श्रद्धेचा प्रश्न हस्तलिखितं सोडवू शकत नाहीत. तेव्हाचे लोक काय मानत होते, एवढंच त्यातून कळतं.

प्रती शेजारी ठेवून जुना पाठ शोधायची ही पद्धत आपल्याकडंही परिचयाची आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती अशाच पद्धतीनं तयार केली. ते काम १९१९ ला सुरू होऊन १९६६ ला संपलं.

आज अनेक बायबल आवृत्त्यांमध्ये ही १२ वचनं कंसात किंवा तळटीपेसह छापतात. कॅथलिक चर्च ती पवित्र ग्रंथाचा भाग मानतं, मग ती कुणीही लिहिलेली असोत. ती तळटीप वाचली, तर साप हातात घेण्याआधी माणूस दोनदा विचार करेल हे नक्की.